चाळीस टाके, ऐंशी ओळी

ही गोष्ट निरीक्षक आता स्वतःच सांगतात, आणि सांगताना स्वतःला एवढं झोडपतात की ऐकणाऱ्याला हात उचलायला जागाच उरत नाही. त्यातही त्यांची हुशारी आहेच. आपल्या मूर्खपणाची दवंडी आपणच पिटली की निदान तिचा सूर तरी आपल्या हातात राहतो.

बत्तीस वर्षं त्यांनी वजनमापे खात्यात काढली. दुकानोदुकानी जाऊन तराजू तपासायचे, वजनांवर शिक्के मारायचे, कापडवाल्याची मीटरपट्टी खरोखर मीटरभर आहे का ते बघायचं. निवृत्तीनंतर तपासायला काही उरलं नाही, तेव्हा ते घर तपासू लागले. एका सकाळी त्यांच्या लक्षात आलं की बैठकीच्या खोलीतली तसबीर डावीकडे किंचित झुकली आहे. ते स्टुलावर चढले, तसबीर सरळ केली, आणि आता कशी दिसते ते बघायला दोन पावलं मागे सरकले. स्टुलावर तेवढी जागा नव्हती.

उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं तेव्हा बोटं अशी ताठ झाली होती की शर्टाचं एक बटण लावायला एक बातमीपत्र संपायचं. डॉक्टरांनी दाबायला रबरी चेंडू दिला. पण दिवसभर चेंडू दाबत बसलेला माणूस निरीक्षकांना काही रुबाबदार वाटेना, म्हणून चेंडू कपाटात गेला. परगावी राहणाऱ्या मुलीला फोनवर हे कळलं.

"बाबा, मग विणकाम शिका. तुमच्या वाचनालयात दर बुधवारी एक गट बसतो. मी चौकशी केली आहे."

"मी? विणकाम?"

"बोटं हलतील. तोंडही हलेल. आई गेल्यापासून तुम्ही दिवसभरात बोलता कुणाशी? दूधवाल्याशी. तेही माप कमी भरलं म्हणून."

बुधवारी चार वाजता निरीक्षक वाचनालयात हजर झाले. बरोबर चार वाजता, म्हणजे इतर कुणी यायच्या वीस मिनिटं आधी.

वाचनालयाच्या मागच्या खोलीत जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे रचलेले असत. मधोमध एक लांब टेबल, वर दोन दिवे, त्यातला एक चालू. गटात बायका पाचच होत्या. सिस्टर म्हणजे इस्पितळातून निवृत्त झालेल्या परिचारिका. शिकवायचं काम त्यांचं. ग्रंथपालबाई खोलीची किल्ली सांभाळत. उभा जन्म वाचनालयात गेल्यामुळे त्या रस्त्यावरही कुजबुजतच बोलत. कंडक्टरबाई दुपारची पाळी संपवून युनिफॉर्मवरच येत आणि गल्लीच्या तोंडाशी असतानाच खोलीत ऐकू येत. राहिल्या दोघी जावा. एकाच घरात वर-खाली राहायच्या, आणि कुठल्याशा पितळी डब्यावरून घरात त्यांचं सात वर्षं बोलणं नव्हतं. इथे मात्र त्या शेजारीशेजारी बसत, कारण चालू असलेला दिवा एकच होता.

"हिला सांगा, जरा सरकून बस म्हणावं," थोरली भिंतीकडे बघत म्हणायची.

"जाऊबाईंना सांगा, यापुढे सरकले तर जमिनीवर बसेन," धाकटी टेबलाला सांगायची.

निरीक्षकांनी पहिल्याच दिवशी वही काढली आणि वर 'उपस्थिती' असं लिहिलं. पाचही जणींनी एकमेकींकडे पाहिलं. जावांनीसुद्धा.

सिस्टरांनी त्यांना आठ नंबरच्या सुया दिल्या, राखाडी लोकरीचा गुंडा दिला, आणि मफलर घ्या म्हणाल्या. मफलरला माप नसतं, नवशिक्याला तेच बरं. तोवर ज्या माणसाने माप नसलेली वस्तू हातात घेतली नव्हती त्याची पहिले दोन महिने काय तारांबळ उडाली असेल! टाके गळायचे, वाढायचे, दोनाचे तीन व्हायचे. निरीक्षक दर ओळीनंतर टाके मोजत, आणि एक जरी कमी भरला तरी सुई वर धरून पुरावा दाखवावा तशी दाखवत.

"अहो निरीक्षक, लोकरीला फासावर का चढवताय?" सिस्टर म्हणायच्या. "किती आवळून विणता! हात जरा सैल सोडा."

"सोडलाय की."

"हा सैल? मग आवळता तेव्हा काय लोखंड वाकवता?"

आणि दर वेळी त्या हेही सांगायच्या की मोठं काही करायला घेतलंत तर आधी हातभर नाही, वीतभर नमुना विणा. विणा, पट्टी लावून मोजा, आणि मग टाके ठरवा. निरीक्षक मान डोलवत. मनात म्हणत, जी वस्तू शेवटी वापरायचीच नाही ती विणायची कशाला? लोकरीची नासाडी आणि वेळेचीही. पालथ्या घड्यावर सिस्टर पाणी ओतत राहिल्या.

पण बुधवार मात्र त्यांना लागला. मंगळवारपासूनच ते मफलर पिशवीत भरून ठेवत. बुधवारी दुपारी जेवून जे घड्याळाकडे बघत बसत ते साडेतीनपर्यंत. कुणाच्या सुनेचं काय झालं, कुठल्या बसमध्ये कोण कुणावर ओरडलं, कोणतं पुस्तक गेली अकरा वर्षं कुणी परत केलेलं नाही, हे सगळं त्यांना पाठ झालं. घरी येऊन ते मुलीला फोनवर सांगत, आणि मुलगी "बरं, बरं" म्हणत ऐकून घेई. स्वतःबद्दलचा त्यांचा अंदाज मात्र पक्का होता. त्या बायका आपल्याला सिस्टरांमुळे खपवून घेतात. मागे आपल्याला 'फूटपट्टी' म्हणतात, हेही त्यांच्या कानावर आलं होतं. कंडक्टरबाई कुजबुजल्या तरी ते पुढच्या चौकात ऐकू येतं, त्याला कोण काय करणार.

म्हणून एका बुधवारी सिस्टर जेव्हा सुया ठेवून म्हणाल्या, "महिन्याभराने मी चालले, लेकीकडे, कायमची," तेव्हा सगळ्यांना वाईट वाटलं. निरीक्षकांनी मात्र लगेच हिशेब मांडला. सिस्टर गेल्या की आपलंही इथलं दाणापाणी संपलं. दोन-तीन बुधवार कुणी काही बोलणार नाही, मग एका बुधवारी खुर्ची कमी पडेल, आणि मग आपणही समजून जाऊ. त्या रात्री त्यांनी बराच विचार केला, आणि उपाय काढला. आपण या गटाला लागतो, असं एकदा दिसलं पाहिजे. विणण्यात ते दिसणं शक्य नव्हतं. राहिली व्यवस्था. व्यवस्थेत आपला हात कोण धरणार?

दुसऱ्या दिवशी त्यांनी सिस्टर सोडून चौघींना वाचनालयाच्या पायरीवर बोलावून घेतलं.

"सिस्टरांना निरोपाची भेट म्हणून आपण सगळ्यांनी मिळून पांघरूण विणायचं. चौकोन जोडून. तीस चौकोन, पाच आडवे, सहा उभे. आपण पाच जणं, माणशी सहा."

"कल्पना बरी आहे हो भाऊ," थोरली म्हणाली. ती सहसा कशालाच बरं म्हणत नसे, त्यामुळे निरीक्षकांना चेव आला.

"सगळं एकसारखं हवं. लोकर एकाच दुकानातली, एकाच रंगाच्या एकाच गठ्ठ्यातली, मी आणून वाटतो. सुया सगळ्यांनी आठ नंबरच्याच घ्यायच्या. चाळीस टाके घालायचे, ऐंशी ओळी विणायच्या, सगळ्या सुलट. चाळीस आणि ऐंशी. कुणी आपल्या मनाने एकही टाका कमीजास्त करायचा नाही."

"इंच किती?" ग्रंथपालबाईंनी कुजबुजून विचारलं.

"इंचाचा प्रश्नच येत नाही," निरीक्षक म्हणाले. हे वाक्य ते आज सांगताना थोडं थांबतात, म्हणजे ऐकणाऱ्याला नीट हसता यावं. "लोकर तीच, सुई तीच, टाके तेवढेच. मग चौकोन वेगळा येईलच कसा?"

काम गुपचूप चालायचं होतं, म्हणून जो तो घरी विणणार, आणि बुधवारी सिस्टरांसमोर आपापलं जुनं काम घेऊन साळसूदपणे बसणार. निरीक्षकांनी घरी स्वयंपाकघराच्या भिंतीवर तक्ता लावला. पाच नावं, सहा घरं. दर रविवारी सकाळी नऊ वाजता ते चौघींना फोन लावत.

"किती झाले?"

"साहेब, मी बसमध्ये आहे."

"बसमध्ये किती झाले?"

तक्त्यावर खुणा चढत गेल्या. निरीक्षक चहा पिताना तक्त्याकडे असे बघत, जसे लोक नातवंडांकडे बघतात. दोनदा मात्र शंका काढली गेली. तिसऱ्या आठवड्यात कंडक्टरबाईंनी आणखी एक गुंडा मागितला, दिलेली लोकर संपली म्हणाल्या. निरीक्षकांनी गुंडा दिला आणि तक्त्यावर त्यांच्या नावापुढे 'नासधूस' असा शेरा मारला. आपल्या स्वतःच्या वाट्यातला दीड गुंडा उरला आहे, यात त्यांना फक्त आपली काटकसर दिसली. दुसऱ्यांदा धाकट्या जावेने फोनवर सुचवलं, "एकदा सगळ्यांचे चौकोन शेजारीशेजारी ठेवून बघू या का?"

"गरज नाही. तक्ता आहे ना."

निरोपाच्या दहा दिवस आधी, रविवारी दुपारी, जोडकामासाठी सगळ्या निरीक्षकांच्या घरी जमल्या. त्यांनी जेवणाचं टेबल पुसून कोरडं केलं होतं. टेबलावर खडूने पाच आडव्या, सहा उभ्या चौकटी आखल्या होत्या. आखलेल्या चौकटींचं माप त्यांनी आपल्याच चौकोनावरून घेतलं होतं, आणि आपले सहा आधीच त्यांत मांडले होते.

"चला, एकेकीने आपले सहा मांडा."

पहिल्या ग्रंथपालबाई. त्यांचे चौकोन रेघेबाहेर गेले. थोडेच, बोटभर. निरीक्षक काही बोलले नाहीत, पण त्यांच्या भुवया बोलल्या. मग धाकटीने मांडले, तळहाताएवढे बाहेर. थोरलीचे तिच्याहून थोडे लहान, त्यामुळे तिने समाधानाने भिंतीकडे बघितलं. मग कंडक्टरबाईंनी पिशवी उलटी केली.

त्यांच्या एका चौकोनाखाली निरीक्षकांचे दोन झाकले गेले, वर तिसऱ्याचा कोपरा.

खोलीत इतकी शांतता पसरली की ग्रंथपालबाई पहिल्यांदाच सगळ्यांना स्पष्ट ऐकू आल्या. "अगं बाई," त्या म्हणाल्या.

"साहेब," कंडक्टरबाईंनी निरीक्षकांचा एक चौकोन उचलून टेबलावर आपटला. टक् असा आवाज झाला. "हे विणलंय की ओतलंय? यावर गरम पातेलं ठेवता येईल."

"तुम्ही टाके जास्त घातले असणार," निरीक्षक म्हणाले.

"चाळीस."

"मोजावं लागेल."

"मोजा की. तिकीट तपासनिसाला मी कधी अडवलं नाही, तुम्हाला काय अडवणार?"

आणि त्यांनी खरंच मोजलं. चष्मा लावून, टाचणी घेऊन, तीसच्या तीस चौकोन. दीड तास लागला. चौघी बसून बघत होत्या. मधे दोनदा चहा झाला, थोरलीने एक डुलकी काढली. आपल्या गुन्ह्याचा तपास आपणच करायचा, आणि तोही साक्षीदारांच्या देखत, इतका सचोटीचा अधिकारी खात्याला पुन्हा मिळणार नाही, असं ते आता म्हणतात. प्रत्येक चौकोनात चाळीस टाके होते. प्रत्येक चौकोनात ऐंशी ओळी होत्या. कुणाचीही एक चूक नव्हती. घोडं दुसरीकडेच पेंड खात होतं, आणि कुठे, ते एव्हाना टेबलाभोवतीच्या प्रत्येकाला कळलं होतं, मोजणारा सोडून.

"अहो भाऊ, प्रत्येकाचा हात वेगळा असतो," थोरली शेवटी म्हणाली, लहान मुलाला सांगावं तसं. "कुणी आवळून विणतं, कुणी सैल. चाळीस टाके माझे वेगळे, हिचे वेगळे. म्हणून तर आधी नमुना विणायचा असतो. इंच धरायचे असतात. टाके ज्याचे त्याने ठरवायचे."

"मग हे तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"तुम्ही इतक्या ठासून सांगत होतात. वाटलं, तुमच्या खात्यात काही नवीन निघालं असेल."

"आणि मी म्हटलं होतं शेजारी ठेवून बघू," धाकटी टेबलाला म्हणाली.

"हिने म्हटलं होतं," थोरली म्हणाली. सात वर्षांत पहिल्यांदा तिने जावेची बाजू घेतली होती, आणि ते दोघींच्याही लक्षात येऊन दोघी चिडल्या.

निरीक्षकांनी एक शेवटचा प्रयत्न केला. "तरी तत्त्वतः आकडा बरोबर—"

"साहेब," कंडक्टरबाई म्हणाल्या, "गाडी खड्ड्यात गेली. आता वेळापत्रक बरोबर होतं म्हणून काय करायचं?"

निरीक्षक उठले, चहा करतो म्हणून आत गेले. तिसरा चहा कुणालाच नको होता. आत भिंतीवर तक्ता होता, खुणांनी भरलेला. बत्तीस वर्षं दुसऱ्याचं माप खोटं ठरवण्यात गेली, आणि पहिल्यांदा स्वतः माप ठरवायची वेळ आली तर हे असं. हात दाखवून अवलक्षण. दहा दिवसांत तीस चौकोन उसवून नव्याने विणणं शक्य नव्हतं. सिस्टरांना निरोप म्हणून काय द्यायचं, पातेल्याखाली ठेवायच्या सहा चकत्या? आणि सिस्टर गेल्यावर या बायका आपल्याला कशाला ठेवतील? मूर्ख माणूस एक वेळ चालतो. वही घेऊन आलेला मूर्ख कोण सहन करतं?

हाकलून देण्याआधी आपणच निघालेलं बरं. त्यांनी तक्ता काढला, त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर तिथेच ओट्यावर मजकूर लिहिला, आणि बाहेर येऊन उभ्याने वाचला.

"मी, खाली सही करणारा, पांघरूण प्रकल्पात झालेल्या त्रुटीची संपूर्ण जबाबदारी स्वीकारून विणकाम गटाच्या सदस्यत्वाचा आज दिनांकापासून राजीनामा देत आहे. तो मंजूर व्हावा."

कंडक्टरबाईंनी विचारलं, "कुणी मंजूर करायचा?"

"म्हणजे... गटाने."

"पण तुम्हाला नेमलं कुणी होतं?"

निरीक्षकांनी विचार केला. कुणीच नेमलं नव्हतं. फॉर्म नव्हता, वर्गणी नव्हती, नोंद होती ती त्यांच्याच वहीत, त्यांच्याच अक्षरात. जिथे माणूस कधी रुजूच झाला नाही तिथून राजीनामा द्यायचा कसा, हा नियम त्यांना आठवेना.

"द्या इकडे," म्हणून कंडक्टरबाईंनी कागद घेतला, चार घड्या घातल्या, आणि आपल्या उरलेल्या लोकरीचं टोक त्यावर गुंडाळायला सुरुवात केली. "जाड आहे, बरा आहे. गुंड्याला आत काहीतरी कडक लागतंच." बघता बघता राजीनामा दिसेनासा झाला.

इकडे ग्रंथपालबाई टेबलापाशी काहीतरी करत होत्या. त्यांनी कंडक्टरबाईंचा सगळ्यात मोठा चौकोन मधे ठेवला आणि त्यावर निरीक्षकांचा सगळ्यात लहान ठेवला. "फाटलेल्या नकाशाला आम्ही कागदाची चौकट लावतो," त्या कुजबुजल्या. "तशी प्रत्येकाला क्रोशाने किनार घालू. ज्याला जेवढी कमी पडेल तेवढी. म्हणजे सगळे बाहेरून कंडक्टरबाईंच्या मापाचे."

"आमच्या मापाचे!" कंडक्टरबाई म्हणाल्या. "ऐकलंत का साहेब? प्रमाण आमचं. शिक्का मारा."

पुढचे नऊ दिवस रोज दुपारी किनारकाम चाललं, निरीक्षकांच्याच घरी, कारण टेबल तिथे होतं. फक्त बुधवारी सगळ्यांनी वाचनालयात जाऊन काहीच घडलं नसल्यासारखं बसायचं. निरीक्षकांना क्रोशा येत नव्हता. त्यांना कामं मिळाली ती अशी: चहा करणे, लोकर सोडवणे, आणि आपल्या चौकोनांच्या कडा जाड दाभणाने सैल करून देणे, कारण त्यांच्या टाक्यांत क्रोशाची सुई शिरतच नव्हती.

"जोर लावा भाऊ, तुम्हीच आवळलेत," थोरली म्हणायची.

"उसवून पुन्हा विणून देऊ का?"

"नको बाई. पुन्हा विणाल ते याहून आवळाल. आता तर घाबरून विणाल."

एकदा मुलीचा फोन आला तेव्हा पाठीमागे जावा एकमेकींशी थेट भांडत होत्या, मधे कुणी निरोप्या नाही.

"बाबा, टीव्ही एवढा मोठा का लावलाय?"

"टीव्ही नाही. बायका आहेत."

"किती?"

"चार," निरीक्षक म्हणाले, आणि हा आकडा तरी बरोबर आहे याची त्यांनी वळून खात्री करून घेतली.

दुपारभर गलका असे आणि सहाला सगळ्या गेल्या की घर एकदम मोठं होई. त्या वेळी निरीक्षक दाभण घेऊन एकटेच बसत आणि हिशेब करत. राजीनामा मंजूर झाला नाही हे खरं. पण तो नामंजूरही झालेला नव्हता. कामापुरती माणसं येतात. काम संपलं, सिस्टर गेल्या, की गुंडा सुटेल आणि आतला कागद कुणीतरी वाचेल. शिवाय एक गोष्ट त्यांना टोचत होती. चूक चौघींपुढे उघडी झाली होती, तीही टाचणीने. सिस्टरांना मात्र अजून काही ठाऊक नव्हतं. ज्या बाईने नमुन्याचं एवढं सांगितलं, निदान तिच्या आठवणीत तरी आपण बरा विद्यार्थी म्हणून राहावं, असं त्यांना वाटे. एवढं राहिलं तर बाकी सगळं गेलं तरी चालेल.

निरोपाच्या बुधवारी पांघरूण टेबलावर होतं. वजन चांगलंच झालं होतं. पंचवीस-तीस माणसांच्या घोळक्यात पाच-सहा जण गर्दीत चेपून उभे असावेत तसे निरीक्षकांचे सहा चौकोन त्यात दिसत होते. बाकी सगळे ऐसपैस, आणि हे आपले रुंद किनारीच्या मधोमध अंग चोरून.

सिस्टरांनी आधी तोंडावर हात घेतला, मग डोळे पुसले, मग चष्मा लावला आणि पांघरूण उलटं केलं. विणणारी बाई आधी मागची बाजू बघते. एकेक चौकोन बोटांखालून घातला. किनारींवर बोट थांबलं. एका ठिकाणी दोन बोटांची किनार, एका ठिकाणी चार, एका ठिकाणी काहीच नाही. निरीक्षकांच्या चौकोनावर त्यांनी अंगठा दाबून पाहिला. अंगठा आत गेला नाही.

"टाके सगळ्यांनी सारखेच घातले होते का?" त्यांनी विचारलं.

चौघींनी माना डोलावल्या.

"हे कुणी ठरवलं?"

"आम्ही सगळ्यांनी मिळून," कंडक्टरबाई म्हणाल्या.

"हो, सगळ्यांनी," थोरली म्हणाली.

"सगळ्यांनीच," धाकटी म्हणाली. ग्रंथपालबाईंनी मान हलवली.

निरीक्षकांना वाट मोकळी होती. गप्प राहिलं तर सिस्टर जन्मभर मानतील की पाचांचा गोंधळ होता, आणि त्यात आपला वाटा फार तर पाचवा. खात्यात असताना त्यांनी कितीतरी दुकानदार पाहिले होते जे अशा वेळी खाली बघत उभे राहायचे. आता त्यांना कळलं की खाली बघितलं की आपलेच बूट किती बारकाईने दिसतात.

"मी," ते म्हणाले. "मी ठरवलं. चाळीस आणि ऐंशी. यांनी इंच विचारले होते, मी नको म्हटलं. शेजारी ठेवून बघायचं म्हणत होत्या, तेही नको म्हटलं."

"नमुना विणला होतात?"

"नाही."

"मी सांगितलं होतं?"

"हो."

"किती वेळा?"

निरीक्षकांनी वही आणली नव्हती. "पुष्कळ वेळा," ते म्हणाले.

सिस्टर त्यांच्याकडे बघत राहिल्या. चाळीस वर्षं रुग्णांना खडसावलेली नजर होती ती. निरीक्षकांना वाटलं, संपलं. आता खुर्ची सरळ करून ठेवायची, पिशवी घ्यायची. त्यांनी पिशवी घेतलीसुद्धा.

"कुठे निघालात?" सिस्टर म्हणाल्या. "बसा. यांना कुणी सोडायचं नाही हं. दर बुधवारी चार वाजता एक नमुना विणून घ्यायचा यांच्याकडून. कंडक्टर, तू तपासायचास. हात सैल होईपर्यंत सुटका नाही."

"हात सैल होईपर्यंत?" कंडक्टरबाईंनी टेबलावरचा चौकोन चाचपला. "सिस्टर, ही तर जन्मठेप झाली. आमची."

"दुसरा दिवा दुरुस्त करून घेते," ग्रंथपालबाई कुजबुजल्या. "यांना जास्त उजेड लागेल."

"हिला सांगा, यांना भिंतीकडची जागा दे म्हणावं," थोरली म्हणाली. "तिथे कोपर मारायला कुणी नसतं."

"मी ऐकलं, जाऊबाई," धाकटी म्हणाली आणि उठून खुर्ची सरकवली.

निरीक्षक बसले. पिशवी पुन्हा खुर्चीखाली सारली. अशा वेळी माणसाने काहीतरी चांगलं, लक्षात राहील असं बोलावं. त्यांनी तोंड उघडलं.

"सैल म्हणजे किती सैल? काही माप आहे का?"

पाचही जणी एकदम ओरडल्या. वाचनालयाच्या पुढच्या खोलीतून कुणीतरी "शू" केलं, आणि ग्रंथपालबाईंनी, आयुष्यात पहिल्यांदा, तिकडे लक्ष दिलं नाही.

सिस्टरांनी सुया आणि लोकर त्यांच्यापुढे ठेवली. निरीक्षकांनी टोक धरलं आणि विचारलं, "टाके किती घालू?" कुणीच आकडा सांगेना. पांघरूण एव्हाना सिस्टरांच्या मांडीवर गेलं होतं, कंडक्टरबाई कुठल्या तरी प्रवाशाची गोष्ट सांगू लागल्या होत्या आणि जावा तिच्यात एकमेकींच्या चुका काढत होत्या. तेव्हा निरीक्षकांनी न मोजता, नुसत्या अंदाजाने टाके घातले. मग कुणी बघत नाही असं पाहून हळूच मोजले.

एकेचाळीस होते.